पॅप टेस्टमागचे डॉ. पापानिकोलाऊ आणि पेशी वाचणारे यंत्र

स्त्रीरोगाच्या बाह्यरुग्ण विभागात ‘पॅप करून घ्या’ हे शब्द रोज कानावर पडतात. केसपेपरवर ‘पॅप स्मिअर’ लिहिलेले असते, प्रयोगशाळेच्या पावतीवर नुसते ‘पॅप’. हे एखाद्या औषधाचे किंवा यंत्राचे नाव असावे, असा अनेकींचा समज असतो. खरे तर तो एका आडनावाचा तुकडा आहे. जॉर्ज पापानिकोलाऊ हे लांबलचक ग्रीक नाव अमेरिकेत आखडून ‘डॉ. पॅप’ झाले आणि तपासणीलाही तेच चिकटले.

काचपट्टीवरच्या पेशी पाहून संगणक आता कर्करोग ओळखू लागला आहे, अशा बातम्या अलीकडे वरचेवर येतात. त्या वाटेवरची पहिली पावले याच माणसाच्या कामातून, त्यांच्या हयातीतच पडली होती. ती फसली कशी, आणि पुढे जमली कशी, हे समजून घ्यायचे तर आधी त्यांनी नेमके काय केले ते पाहावे लागते.

पापानिकोलाऊ यांचा जन्म १३ मे १८८३ रोजी ग्रीसमधल्या एव्हिया बेटावरच्या किमी या गावी झाला. वडील गावचे डॉक्टर, राजकारणातही वजन असलेले. मुलाने अथेन्समध्ये वैद्यकीय शिक्षण घ्यावे, गावी परतावे आणि दवाखाना चालवावा, हा घरचा सरळ हिशेब होता. १९०४ मध्ये पदवी मिळाली, मग लष्करातली वैद्यकीय नोकरी झाली. पण दवाखान्यात मन रमेना. १९०७ मध्ये ते जर्मनीला गेले. येना, फ्रायबर्ग आणि शेवटी म्युनिक असा प्रवास करत १९१० मध्ये त्यांनी प्राणिशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. विषय होता डाफ्निया नावाच्या, डबक्यात राहणाऱ्या इवल्याशा जीवाचा. त्यात नर-मादी कसे ठरते याचा. माणसाच्या कर्करोगाशी त्याचा सुतराम संबंध नव्हता.

त्याच वर्षी त्यांनी आंद्रोमाखी मावरोयेनी यांच्याशी लग्न केले. त्या लष्करी अधिकाऱ्याची मुलगी. पुढे सगळे त्यांना मेरी म्हणू लागले. मोनॅकोच्या समुद्रविज्ञान संस्थेत काही काळ काम, मग आईचा मृत्यू, मग १९१२-१३ च्या बाल्कन युद्धात लष्करी सेवा, असा दोन-तीन वर्षांचा काळ गेला. ग्रीसमध्ये संशोधनाला वाव नाही हे तोवर स्पष्ट झाले होते. ऑक्टोबर १९१३ मध्ये नवरा-बायको न्यूयॉर्कच्या बंदरात उतरले. दोघांनाही इंग्रजी येत नव्हते.

डॉक्टरीची पदवी आणि वर डॉक्टरेट असलेल्या या माणसाने एका मोठ्या दुकानात गालिचे विकायचे काम धरले. ते फार टिकले नाही. हॉटेलात व्हायोलिन वाजवले, एका ग्रीक वर्तमानपत्रात कारकुनी केली. मेरी यांनी आठवड्याला पाच डॉलरवर बटणे शिवली. वर्षभरातच त्यांची म्युनिकची कामगिरी माहीत असलेल्या शास्त्रज्ञांनी शब्द टाकला आणि न्यूयॉर्क हॉस्पिटल व कॉर्नेल मेडिकल कॉलेजचे दार उघडले. शरीररचनाशास्त्र विभागात चार्ल्स स्टॉकार्ड यांच्या हाताखाली जागा मिळाली. मेरी याही त्याच प्रयोगशाळेत काम करू लागल्या, तंत्रज्ञ म्हणून आणि बिनपगारी.

इथून पुढची गोष्ट गिनीपिगची आहे. पापानिकोलाऊ यांना गिनीपिगच्या मादीचे बीजांड अगदी ठरावीक क्षणी हवे होते. पण या प्राण्याच्या पाळीचे बाहेरून काही लक्षण दिसत नाही, आणि प्राणी मारून पाहावे तर बहुतेक वेळा वेळ चुकलेली असे. प्रत्येक सस्तन मादीत आतून काही ना काही बदल होतच असणार, असा त्यांचा तर्क होता. नाक तपासायचे लहान उपकरण घेऊन ते गिनीपिगच्या योनिमार्गातला किंचितसा स्राव रोज घेऊ लागले, काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहू लागले. रक्त दिसत नव्हते, पण पेशी दिसत होत्या. त्यांचे आकार दिवसागणिक ठरलेल्या क्रमाने बदलत होते. नुसत्या स्रावावरून बीजांड केव्हा सुटणार ते सांगता येऊ लागले. १९१७ मध्ये स्टॉकार्ड यांच्यासह त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि अंतःस्रावांवर काम करणाऱ्या अनेक प्रयोगशाळांनी ती पद्धत उचलली.

पुढचा प्रश्न उघड होता: माणसात असेच होते का? त्यासाठी रोज, न चुकता नमुना देणारी स्त्री हवी होती. मेरी यांनी ते काम पत्करले आणि तब्बल २१ वर्षे केले. दोघांना मूल नव्हते. घर, प्रयोगशाळेतल्या नोंदी आणि हे नमुने हा त्यांचा दिनक्रम होता. निरोगी स्त्रीच्या पेशी कशा असतात, पाळीच्या कोणत्या दिवशी कशा दिसतात, याचे ज्ञान मुख्यतः एका बाईच्या चिकाटीवर उभे राहिले. शोधाला नाव मात्र एकट्या नवऱ्याचे लागले. वैद्यकाच्या इतिहासात हे नवे नाही, तरी इथे ते विशेष खटकते.

निरोगी पेशींची अशी बारीक ओळख झाल्यावर वेगळी पेशी डोळ्यांत भरणारच. १९२० च्या दशकाच्या मध्यावर रुग्णालयातल्या स्त्रियांचे नमुने पाहताना त्यांना कर्करोगाच्या पेशी स्रावात स्पष्ट दिसल्या. गर्भाशयमुखाची निरोगी, वरच्या थरातली पेशी पसरट असते आणि तिचे केंद्रक लहान असते. पोळीवर मिऱ्याचा एक दाणा ठेवावा, तसे काहीसे. बिघडलेल्या पेशीत पोळी आक्रसते आणि दाणा फुगतो, काळपट होतो, कडा वेड्यावाकड्या होतात. गाठ दिसण्याच्या कितीतरी आधी अशा पेशी गळून स्रावात येतात. म्हणजे शस्त्राने तुकडा न काढता, दुखवल्याशिवाय रोग पकडता येणार होता.

जानेवारी १९२८ मध्ये मिशिगनमधल्या बॅटल क्रीक येथील परिषदेत त्यांनी हे मांडले. परिषद होती ‘वंशसुधारणे’ची, म्हणजे आज पूर्णपणे बदनाम झालेल्या एका विचाराची, आणि तिच्यामागे होते कॉर्नफ्लेक्सवाले डॉ. केलॉग. कर्करोगावरच्या नव्या तपासणीसाठी याहून आडबाजूचे व्यासपीठ शोधूनही सापडले नसते. पॅथॉलॉजिस्ट मंडळींनी फारशी दखल घेतली नाही. त्यांचा आक्षेप अगदीच पोकळ होता असेही नाही. कर्करोग ओळखायचा तर पेशींची मांडणी पाहावी लागते, त्या शेजारच्या थरात घुसल्या आहेत का ते पाहावे लागते. सुट्या, विखुरलेल्या पेशींवरून निदान कसे करायचे? शिवाय गर्भाशयमुख डोळ्यांना दिसते, तुकडा काढणे सोपे आहे, मग हा खटाटोप कशाला? यात एक गोष्ट निसटत होती. तुकडा काढतात तो संशय आल्यावर, आणि संशय येईपर्यंत बहुतेकींना उशीर झालेला असे.

न्याय म्हणून हेही नोंदवायला हवे की रुमानियाच्या ऑरेल बाबेश यांनी बुखारेस्टमध्ये १९२७ च्या जानेवारीतच अशीच पद्धत मांडली होती. ते प्लॅटिनमच्या तारेच्या लहान फाशाने थेट गर्भाशयमुखावरून पेशी घेत. दोघांना एकमेकांच्या कामाची कल्पना नव्हती. रुमानियात आजही या तपासणीला दोघांचे जोडनाव लावतात.

पापानिकोलाऊ पुन्हा अंतःस्रावांच्या कामाकडे वळले. दहा-अकरा वर्षे गेली. १९३९ मध्ये विभागाचे नवे प्रमुख जोसेफ हिन्सी आले आणि त्यांनी कर्करोगाचे अर्धवट राहिलेले काम पुन्हा हाती घ्यायला सांगितले. स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्राउट जोडीला आले. न्यूयॉर्क हॉस्पिटलच्या स्त्रीरोग विभागात दाखल होणाऱ्या प्रत्येक स्त्रीचा नमुना घ्यायचे ठरले, तक्रार कोणतीही असो. यातच खरी मेख होती. काही त्रास नसलेल्या, बाहेरून गर्भाशयमुख निरोगी दिसणाऱ्या स्त्रियांमध्येही रोग सापडू लागला, आणि तोही बरा करता येण्याजोग्या अवस्थेत. १९४१ मध्ये निबंध आणि १९४३ मध्ये दोघांचे पुस्तक आले. पेशींचे बारकावे दाखवणारी रंगीत चित्रे जपानी वंशाचे चित्रकार हाशिमे मुरायामा यांनी काढली होती.

दरम्यान, १९४२ मध्ये पापानिकोलाऊ यांनी पेशी रंगवण्याची नवी पद्धत प्रसिद्ध केली होती. केंद्रक निळे-जांभळे, भोवतालचे पेशीद्रव हिरवट, गुलाबी किंवा नारिंगी. महत्त्वाचे म्हणजे हा रंग पारदर्शक असतो, त्यामुळे एकावर एक पडलेल्या पेशींतूनही खालचे केंद्रक दिसते. पॅथॉलॉजीच्या विद्यार्थ्यांना आजही हाच रंग शिकवतात. पुढे १९४७ मध्ये अर्नेस्ट आयर यांनी गर्भाशयमुखावर फिरवायची लाकडी पट्टी आणली. आपल्या सरकारी रुग्णालयांतून वापरली जाते ती हीच.

१९४९ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात संघटित तपासणी मोहीम सुरू झाली. ज्या देशांनी ती नेटाने, वर्षानुवर्षे चालवली, तिथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. पापानिकोलाऊ यांना १९५० मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. नोबेल मिळाले नाही.

आणि नेमके यशानेच एक नवी अडचण उभी केली. एका काचपट्टीवर हजारो पेशी असतात, कधी लाखाच्या वर. रोग असेल तर त्यांतल्या मोजक्या दहा-वीस बिघडलेल्या असतील. शिवाय तपासणीला येणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी नव्वदच्या वर निरोगीच असतात. तांदूळ निवडण्यासारखे हे काम आहे: डोळे सतत खड्याच्या शोधात, आणि ताटामागून ताट जाते तरी खडा नसतोच. मन कधी भरकटते ते निवडणाऱ्याला कळतही नाही. इथे मात्र सुटलेला खडा म्हणजे एक स्त्री, जिला तुम्ही निरोगी आहात असे सांगून घरी पाठवलेले असते. पापानिकोलाऊ स्वतः आठवड्याचे जवळजवळ सगळे दिवस सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसत. सुटी घेत नसत. पण लाखो स्त्रियांसाठी असे डोळे आणायचे कुठून?

म्हणून यंत्राचा विचार आला. १९५२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात रॉबर्ट मेलर्स आणि सहकाऱ्यांचा एक निबंध आला, त्यात पापानिकोलाऊ यांचेही नाव होते. कर्करोगाच्या पेशीच्या केंद्रकात न्यूक्लिइक आम्ल किती असते, ते मोजण्याचे ते काम होते. त्यामागचा विचार सोपा पण दूरगामी होता. अनुभवी डोळा ज्याला ‘काळपट, फुगलेले केंद्रक’ म्हणतो, ते जर आकड्यात मोजता आले, तर ते काम यंत्रही करू शकेल. त्याच दशकात न्यूयॉर्क परिसरातल्या अभियंत्यांनी ‘सायटोअ‍ॅनलायझर’ नावाचे यंत्र बनवले. काचपट्टीवरून प्रकाशाचा ठिपका सरकत जाई, प्रत्येक केंद्रकाचा आकार आणि गडदपणा मोजला जाई आणि ठरावीक मर्यादेच्या वर गेले की यंत्र इशारा देई.

ते फसले. सुटी, स्वच्छ पेशी यंत्राला कळत होती. पण खऱ्या काचपट्टीवर पेशी एकमेकींवर चढलेल्या असतात, मध्ये रक्त असते, श्लेष्मा असतो, पांढऱ्या पेशींचे पुंजके असतात. दोन निरोगी केंद्रके एकावर एक आली की यंत्राला ते एक मोठे, गडद केंद्रक वाटे. खोटे इशारे इतके येत की सगळे पुन्हा माणसालाच पाहावे लागे. त्या काळचा संगणकही या कामासाठी फारच तोकडा होता.

१९६१ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, पापानिकोलाऊ न्यूयॉर्क सोडून मायामीला एका कर्करोग संस्थेचे प्रमुख म्हणून गेले. काही महिन्यांतच, १९ फेब्रुवारी १९६२ रोजी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. संस्थेला पुढे त्यांचे नाव देण्यात आले. ग्रीसने नंतर १० हजार द्राख्माच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले. मेरी यांनी त्यांच्यामागे आणखी २० वर्षे काढली.

थकणाऱ्या डोळ्यांचा प्रश्न मात्र वाढतच गेला. १९८७ मध्ये अमेरिकी वृत्तपत्रांनी उघड केले की काही प्रयोगशाळांत तंत्रज्ञांना काचपट्टीमागे मोबदला मिळतो आणि ते घाईघाईने ढीग उपसतात. रोग सुटलेल्या स्त्रियांच्या कहाण्या बाहेर आल्या. १९८८ मध्ये कायदा झाला आणि एका व्यक्तीने दिवसाला जास्तीत जास्त १०० काचपट्ट्या पाहाव्यात अशी मर्यादा आली. पाहणारे कमी, काम जास्त. यंत्राची गरज आता सगळ्यांना पटली.

१९९५ मध्ये ‘पॅपनेट’ या यंत्रणेला अमेरिकेत परवानगी मिळाली. मेंदूतल्या मज्जापेशींच्या जाळ्याच्या धर्तीवर रचलेला संगणकीय आराखडा तिच्यात होता. आधी निरोगी ठरवलेल्या काचपट्टीतली सर्वांत संशयास्पद १२८ चित्रे ती काढून पडद्यावर मांडी आणि निर्णय माणूस घेई. ती महाग पडली, तिची कंपनी काही वर्षांतच बुडाली. खरी गाडी पुढे गेली ती वेगळ्याच वाटेने. नमुना काचेवर थेट फासण्याऐवजी द्रवाच्या बाटलीत घ्यायचा, रक्त-श्लेष्मा दूर करायचे आणि पेशींचा पातळ, एकेरी थर काचेवर घ्यायचा, ही पद्धत १९९० च्या दशकात आली. यंत्र हुशार होण्याआधी काचपट्टी स्वच्छ झाली, असे म्हणायला हरकत नाही. २००३ मध्ये आलेली यंत्रणा अशा काचपट्टीतली पाहण्याजोगी २२ ठिकाणे निवडून तंत्रज्ञासमोर आणते. त्यांत काही वावगे दिसले की मग सबंध काचपट्टी पाहायची.

आजचा संगणक यापुढे गेला आहे. काचपट्टीचे पूर्ण डिजिटल चित्र घेतले जाते, आणि तज्ज्ञांनी आधी खुणा केलेल्या हजारो चित्रांवरून संगणक स्वतःच फरक शिकतो. केंद्रक किती मोठे म्हणजे वाईट, हे त्याला कोणी सांगत नाही. स्तन आणि प्रोस्टेट यांच्या तुकड्यांसाठीही हीच रीत वापरली जाते. पण शिकवणीच बेताची असेल तर तो चुकतो. एका प्रयोगशाळेत रंग गडद, दुसरीत फिका, एवढ्यानेही त्याचा गोंधळ उडू शकतो. ब्रिटनमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत यंत्राच्या मदतीने काम बरेच झपाट्याने झाले, पण नुसत्या माणसाच्या वाचनापेक्षा कर्करोगपूर्व बदल थोडे अधिक निसटले. अहवालावर सही पॅथॉलॉजिस्टचीच असते, ती उगाच नाही.

आपल्याकडे प्रश्न याच्याही अलीकडचा आहे. भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो आणि पाऊण लाखाहून अधिक त्याने दगावतात. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून एक मोठा अभ्यास झाला. टाटा मेमोरिअल आणि बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय त्यात होते. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर स्त्रियांचे गट पाडून कोणाची पॅप, कोणाची एचपीव्ही विषाणूची, तर कोणाची व्हिनेगर लावून डोळ्यांनी तपासणी, तीही एकदाच, केली गेली. २००९ मध्ये निष्कर्ष आले. एचपीव्ही तपासलेल्या गटात मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. पॅपच्या गटात लक्षणीय घट दिसली नाही. पॅप दर काही वर्षांनी पुन्हा करावी लागते, एका खेपेत सुटलेली पेशी पुढच्या खेपेत सापडते यावरच तिचे यश उभे आहे. मुंबईच्या वस्त्यांमध्ये मात्र साध्या शिक्षणाच्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्त्रियांनी व्हिनेगरची तपासणी दर दोन वर्षांनी केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

जागतिक आरोग्य संघटना आता पहिली तपासणी एचपीव्हीची करा असे सांगते. तिच्यात विषाणू सापडलेल्या स्त्रियांसाठी पॅप हा दुसरा टप्पा ठरू शकतो, म्हणजे वाचायच्या काचपट्ट्या आपोआप कमी होतात. यंत्र असो वा माणूस, निवडायचे तांदूळच थोडे उरतात. आपल्या सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी व्हिनेगर लावून तपासणी करायची तरतूद आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारले होते, गर्भाशयमुखाची तपासणी कधी झाली आहे का. हो म्हणणाऱ्या १.९ टक्के होत्या.